अंबाडीला सुई चालत नाही

आरीच्या, म्हणजे भरतकामाच्या आकडेवाल्या सुईच्या, आकड्यात अंबाडीचा दोरा पहिल्यांदा अडकवला तेव्हा तो वर आलाच नाही. आकड्याने चार-पाच तंतू तेवढे ओढून काढले, बाकी दोरा खालीच राहिला आणि खादीला ज्वारीच्या दाण्याएवढं भोक पडलं. दुसऱ्यांदा केलं, तेच. मग साध्या सुईत ओवायला गेले, तर नेढ्यातून ओढेपर्यंत दोरा पिंजून गेला. त्या रात्री अकरा वाजेपर्यंत बसले आणि वीतभर तुकड्यावर एक पानसुद्धा पुरं झालं नाही.

मी परभणीत राहते. गेली अकरा वर्षं ब्लाउजवर आरी वर्क करून देते. तुळशीचं लग्न लागलं की जी गडबड सुरू होते ती ज्येष्ठापर्यंत. फ्रेमवरून एक ब्लाउज उतरतो तोवर दुसरा चढतो. मोती, कटदाणा, जरदोसी, टिकल्या, कुंदन हा माल आता डोळे मिटूनही बोटांना ओळखू येतो. पाठीवर मोर, बाहीवर कमळ, अलीकडे नवरीच्या दंडावर पालखी. हे काम मला आवडतं आणि त्यावर घर चालतं. आषाढ लागला की मात्र काम थंडावतं, आणि मग मी माझ्या मनाचं करते. या वर्षी माझ्या मनात फक्त अंबाडी होती.

अंबाडी म्हटलं की आपल्याला भाजी आठवते. ज्वारीच्या कण्या घालून शिजवलेली, वरून लसणाची फोडणी, सोबत भाकरी. पण माझ्या आईच्या माहेरी अंबाडी म्हणजे आधी दोरी. गाव जिंतूर तालुक्यात, येलदरी धरणापासून फार लांब नाही. तिथे कापसाच्या, ज्वारीच्या कडेने अंबाडीच्या ओळी टाकायची पद्धत होती. कोवळी असताना भाजी खायची, पिवळी फुलं येऊन गेली की कापायची, आणि तिच्या वाखाचे, म्हणजे सालीतल्या तंतूंचे, कासरे, दावी, म्होरक्या व्हायच्या. पोळ्याला बैलांना नवी वेसण आणि नवा कासरा हवाच. आता मामाकडे बैलजोडी नाही. ट्रॅक्टर भाड्याने येतो आणि गाईचं दावंसुद्धा नायलॉनचं आहे. तरी मामी बांधाला अंबाडीची एक ओळ टाकते, भाजीसाठी.

गेल्या दिवाळीला गेले तेव्हा त्या ओळीतली झाडं डोक्याच्या वर गेली होती. मी म्हटलं, मामी, यातली थोडी वाखासाठी दे.

"कशाला लागतंय गं तुला? बाजारात नायलॉन किती मिळायलंय."

"दोरी नाही करायची. भरतकाम करायचंय याचं."

"अंबाडीचं भरतकाम? अगं माय!" असं म्हणाली खरी, पण विळा घेऊन तीच पुढं निघाली.

पाच पेंढ्या बांधल्या, ओढ्याच्या डोहात बुडवल्या आणि वर दगड ठेवले. पाण्यात साल कुजते म्हणजे तंतूंना चिकटवून ठेवणारा डिंकासारखा भाग सुटतो आणि वाख मोकळा होतो. उन्हाळ्याच्या कोमट पाण्यात हे लवकर होतं. आमचं पाणी थंडीचं होतं, वीस दिवस लागले. रोज एक काडी काढून साल बोटाने सरकते का हे बघायचं. सरकायच्या आधी काढली तर वाख सालीसकट चिवट निघतो, उशीर केला तर तंतूच कुजून तुटायला लागतो. मामीने विसाव्या दिवशी फोन केला, "आजच ये, उद्या नासंल." गेले. वास असा की घरी येऊन दोनदा अंघोळ केली तरी ओढणीतून गेला नाही. पण बुडख्याकडून साल धरून ओढली की अख्खा वाख सळसळत हातात येतो आणि मागे पांढरीशुभ्र सणकाडी उरते, ते पाहताना मला वासाचा विसर पडला. ओल्या वाखाला एक चमक असते. रेशमाची नाही, उन्हात वाळलेल्या गव्हाच्या काडीची.

हा वाख घेऊन मी परभणीला आले आणि तिथेच चुकले. हाताला सवय दोऱ्याची, म्हणून मी वाखाला दोरा करायला निघाले. बारीक तंतू वेगळे करून पीळ दिला, मऊ व्हावा म्हणून मोगरीने ठेचला, एरंडेल चोळलं. एरंडेलाने मऊ झाला हे खरं, पण महिन्याभराने खादीवर प्रत्येक ओळीच्या दोन्ही बाजूंना तेलाचा पिवळा डाग उमटला. तो तुकडा मी ठेवून दिलाय, टाकला नाही.

वाट सापडली ती तांड्यावर. मामीच्या गावाशेजारी बंजारा तांडा आहे. तिथल्या एका म्हाताऱ्या आजींकडे जुनी कांचळी म्हणजे चोळी, आणि फेटिया म्हणजे घागरा आहे, हे मामीला ठाऊक होतं. संक्रांतीच्या सुमारास आम्ही दोघी गेलो. आजींनी पेटीतून फेटिया काढला आणि खाटेवर पसरला. आरसे, कवड्या, शिशाचे मणी, आणि कडेने नाणी. त्यात भोकाचा पैसा होता, 1943 ते 1947 या काळात निघालेला, मधोमध गोल भोक असलेला. तो शिवायला काही करावंच लागत नाही. भोकातून दोरा गेला की झालं. कवडीची पाठ घासून तिला भोक पाडलेलं. काही नाणी निजामाच्या काळातली, त्यांना वरच्या बाजूला कडी जोडलेली. आणि आरशाला तर ना भोक, ना कडी.

मी आरशाचं काम शेकडो ब्लाउजवर केलंय, पण रेडिमेड कड असलेले आरसे घेऊन, किंवा गोंदाने चिकटवून वरून टाका मारून. आजींच्या फेटियावरच्या आरशाला गोंद नव्हता. आधी आरशावरून उभे-आडवे दोन-दोन दोरे ताणलेले, मग त्याच दोऱ्यांना पकडत गोल फिरत घातलेला दाट टाका. त्या टाक्याने दोरे बाहेर ओढले जातात, मध्ये गोल खिडकी उघडते आणि आरसा कडेने धरला जातो. मी विचारलं, आजी, हे इतकी वर्षं निघालं कसं नाही? त्या म्हणाल्या, "आरशात कुठं सुई जातीय? त्याला दोऱ्याचं घर बांधून द्यावं लागतंय."

मी तिथेच खाटेच्या कडेला बसून राहिले. इतके दिवस मी अंबाडीत सुई घालायला बघत होते. अंबाडी आरशासारखी होती. तिच्यातून जायचं नव्हतं, तिला धरायचं होतं.

घरी आल्यावर वाख तसाच जाडसर ठेवला. थोडा ओला केला आणि मामीने दाखवला होता तसा मांडीवर वळला: दोन पेड, प्रत्येकाला एका दिशेने पीळ, मग दोन्ही एकत्र उलट्या दिशेने. दोन पीळ एकमेकांना अडवून धरतात म्हणून दोरी सुटत नाही. ही दोरी खादीवर नुसती ठेवायची, आणि सहापदरी सुती लडीतला एकच पदर सुईत ओवून दोरीवरून बांधत जायचं. सरळ रेषेत दोन टाक्यांत अर्ध्या बोटाचं अंतर पुरतं. वळणावर टाके जवळजवळ घ्यावे लागतात, नाहीतर दोरी वळणाच्या बाहेर पळते. दोरीचं टोक मागे न्यायचं तर दाभणाने भोक पाडून आत ओढायचं, मागच्या बाजूला वाख पंख्यासारखा पसरायचा आणि तिथे शिवायचा. गाठ मारायची नाही, गाठीचा उंचवटा वरून दिसतो.

एक गोष्ट मात्र मला कुणी सांगितली नव्हती. बांधायचा टाका पिळाच्या दिशेने, तिरपा घेतला तर तो दोन पेडांमधल्या खाचेत जाऊन बसतो आणि दिसतच नाही. अंबाडी कापडावर आपोआप उगवल्यासारखी वाटते. तोच टाका पिळाला आडवा घेतला तर दोरी तिथे आवळली जाते, आणि दर टाक्याला एक छोटी कंबर तयार होते. एकाच दोरीच्या एका बाजूला तिरपे आणि दुसऱ्या बाजूला आडवे टाके घालून मी दोन्ही शेजारी शेजारी ठेवले आणि कितीतरी वेळ बघत बसले. रंग तोच, दोरी तीच, आणि एक रेघ वाहती तर दुसरी मणक्यासारखी. मला काय करायचंय हे त्या क्षणी ठरलं. नांगरलेलं शेत. वाहत्या रेघांच्या सरी, आणि मधून एक मणक्यासारखा बांध.

कापडाचा प्रश्न वेगळाच होता. सुरुवातीला मलमल घेतली होती, ती दोरीच्या वजनाने चुरगळून लोंबायला लागली. खादी बरी, पण मी ती न धुता वापरली. तुकडा पाण्यातून काढल्यावर खादी आटली, अंबाडी फुगली, आणि सपाट शेताला लाटा आल्या. आता खादी रात्रभर भिजवते, वाळवते, इस्त्री करते. दोरीही एकदा भिजवून वाळवलेली असते. आणि खादीच्या खाली माझ्या आजीच्या फाटक्या इरकल लुगड्याचे दोन पदर घालून, वाकळ शिवतो तसा धावदोरा घालते. वाकळीच्या धावदोऱ्याने तिन्ही थर एकजीव होतात आणि दोरीचं वजन सगळ्यांवर वाटलं जातं. आजीने हे अंबाडीसाठी शोधलेलं नव्हतं, पण वजन पेलायची युक्ती तिचीच आहे.

मध्ये एकदा छत्रपती संभाजीनगरहून हिमरूचा, तिथल्या नक्षीदार विणीच्या कापडाचा, तुकडा आणला होता, म्हटलं यावर काही करून बघू. हिमरूत सूत आणि रेशीम एकत्र असतं, आणि नक्षीचे जादा बाण्याचे, म्हणजे आडवे, दोरे मागच्या बाजूला मोकळे तरंगत असतात. मला हे पुस्तकी माहीत होतं, हाताला माहीत नव्हतं. आरी खाली गेली की आकड्यात माझा धागा येण्याऐवजी हिमरूचेच मोकळे दोरे यायचे, आणि वर नक्षी ओढली जायची. तीन टाक्यांत थांबले. मागे मांजरपाट लावून साध्या सुईने थोडं काम केलं, पण खरं सांगायचं तर हिमरूला माझ्या भरतकामाची गरज नव्हती. त्याची नक्षी त्याच्या विणीतच आहे. तो तुकडा आता आरशाच्या टेबलावर नुसता अंथरलेला आहे.

रंगावर मी सगळ्यात जास्त दिवस घालवले. हळद आमच्या शेजारच्या जिल्ह्यातली, वसमतची, भौगोलिक मानांकन मिळालेली. गरम पाण्यात अर्धा तास ठेवल्यावर अंबाडीला जो सोनेरी रंग आला तो मी आजवर कुठल्याही रिळात पाहिला नाही. मग मी तो वाख कपड्यांच्या साबणाने धुतला. धुता धुता पाण्यात लाल रंग उतरायला लागला आणि वाखावर कुंकवाचे ओघळ उठले. घाबरायचं कारण नव्हतं. हळदीला चुना लावला की कुंकू होतं हे आपण सगळ्या जाणतो, साबणाचा खारही तेच करतो. लिंबाच्या पाण्यात बुडवलं आणि पिवळा परत आला. पण हळदीचा दुसरा दोष लिंबाने जात नाही. अर्धा वाख वहीत दाबून आणि अर्धा बाहेर ठेवून पंधरा दिवस खिडकीत ठेवला. उन्हातला भाग फिक्या दुधासारखा झाला. भिंतीवर लावायच्या कामाला हळद वापरायची नाही, हे तेव्हा ठरवलं. फार जिवावर आलं.

सरींना तसाही काळा हवा होता. काळ्या मातीचा, पाऊस पडून गेल्यावरचा. गंजलेले खिळे, गूळ आणि पाणी मडक्यात घालून वीस दिवस गच्चीवर ठेवलं. वाख आधी हिरड्याच्या पाण्यात भिजवला, वाळवला, मग त्या लोखंडाच्या पाण्यात सोडला. हिरड्यातला तुरटपणा आणि लोखंड भेटले की काळा होतो, आणि तो डोळ्यांदेखत होतो: आधी राखाडी, मग शिसवी, मग मातीचा. लोखंडाचं पाणी जास्त वेळ राहिलं तर सूत आणि वाख दोन्ही पुढं कमजोर होतात, म्हणून दहा मिनिटांत काढून चार पाण्यांत धुतला. एकसारखा काळा आलेला नाही. कुठे राखी आहे, कुठे तांबूस झाक आहे. मला तसाच हवा होता, कारण आमची जमीनही एकसारखी काळी नाही.

विकतचे नवे जिन्नस मी टाळते असं कुणी समजू नये. पाण्यात विरघळणारा कागद मी दोनदा मागवला. त्यावर भरून पाण्यात टाकलं की कागद जातो आणि नुसती जाळी उरते. पहिल्या वेळी मी सुटी सुटी पानं भरली, एकमेकांना न जोडता. वाडग्यात कागद विरघळला आणि पानं सुटून धाग्यांचा गुंता तळाशी गेला. या कागदावर भरताना प्रत्येक टाक्याने शेजारच्या टाक्याला पकडलेलं असावं लागतं, कारण धरायला कापड नसतंच. दुसऱ्यांदा कापसाच्या बोंडांच्या पाकळ्या अशा केल्या, आणि पूर्ण धुतल्या नाहीत. थोडा कागद धाग्यात राहू दिला की वाळल्यावर पाकळी ताठ उभी राहते. पावसाळ्यात हा कागद दमट हवेनेच चिकट होतो, तेव्हा घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा.

चमकीचा धागा सगळ्यांचाच तुटतो. धाग्याचा दोष कमी, आपण लांबलचक ओवतो हा जास्त. दर टाक्याला कापड त्यावरची चमकीची पट्टी खरवडतं. हातभरच ओवा आणि मोठ्या नेढ्याची सुई घ्या, भोक मोठं पडेल आणि घासणं कमी होईल. दुकानात ‘सिल्क थ्रेड’ म्हणून मिळणारी रिळं तर मी एकदा बसून तपासली. पाच रंगांचे वीतभर तुकडे काडीवर धरले. रेशीम जळलं तर केस जळाल्याचा वास येतो आणि राख बोटाने चुरडली जाते. माझे तीन तुकडे कागदासारखे भुरकन जळाले, म्हणजे रेयॉन. दोन वितळून कडक मणी झाले, म्हणजे पॉलिस्टर. पाचांत रेशीम एकही नाही. रेयॉन वाईट नाही, त्याची चमक मला आवडते, पण ते ओलं झालं की कमजोर होतं हे ठाऊक असलेलं बरं.

हे सगळं तपासायची सवय मला एका ब्लाउजने लावली. तीन वर्षांपूर्वी नव्या प्रकारचे खडे आणि ‘धुतलं तरी निघत नाही’ असं सांगून दिलेला गोंद एका दुकानातून आणला, आणि नवरीच्या ब्लाउजवर थेट वापरला. हळदीच्या दिवशी तिच्या आईचा फोन आला, खडे गळायलेत. मांडवातच एका खोलीत बसून मी एकशे चाळीस खडे शिवून लावले. त्या माउली मला एक शब्दही बोलल्या नाहीत, उलट चहा आणून दिला, आणि मला तोच चहा आजही आठवतो. तेव्हापासून नवा माल आधी माझ्या घरी दोनदा धुतला जातो, पंधरा दिवस उन्हात राहतो, आणि मगच गिऱ्हाइकाच्या कापडाला लागतो.

अंबाडी पाहून दोघींनी विचारलं, ताई, ब्लाउजवर कराल का? मी नाही म्हटलं. अंगाला ती टोचते, आणि काखेजवळच्या घामाने तिचं काय होतं हे मी अजून पाहिलेलं नाही. पिशवीवर करून देईन, भिंतीवरच्या कामाला करून देईन.

शेत आता तीन फूट लांब आणि दोन फूट रुंद झालंय. सव्वीस सरी बसल्यात, बांध बसलाय, कापसाची बोंडं एका कोपऱ्यात उभी आहेत. अजून नऊ सरी बाकी आहेत आणि काळा वाख संपलाय.

मामीने यंदा बांधाला एक नाही, दोन ओळी टाकल्यात. परवा बोललो तेव्हा आमचा वाद झाला. मी ऐकलंय की निम्मी फुलं फुललेली असताना कापली तर वाख मऊ मिळतो, आणि बी धरेपर्यंत ठेवली तर राठ होतो. मामीला बी हवंय, पुढच्या वर्षीसाठी. शेवटी असं ठरलंय की एक ओळ फुलात कापायची आणि एक बियांना ठेवायची. दोन्ही वाख वेगळ्या खुणा बांधून एकाच डोहात घालणार आहोत.